कर्ज, कराची पत्रं आणि हातातून सुटणारा खर्च: आधी कुठे हात घालायचा?

काठावरची

नमस्कार मंडळी. तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. त्या कोणत्या टोकाकडून सोडवायच्या, एवढंच विचारायचं आहे.

एक, कर्ज. दोन क्रेडिट कार्डं, एक वैयक्तिक कर्ज आणि 'आत्ता घ्या, नंतर भरा' प्रकारातलं एक खातं. हप्ता अजून चुकलेला नाही, पण कार्डांवर दर महिन्याला किमान रक्कमच भरली जाते. दोन, कर. मी स्वतंत्रपणे कामं घेते, त्यामुळे माझा कर कोणी परस्पर कापून घेत नाही. मागची दोन विवरणपत्रं भरायची राहिली आहेत आणि कर खात्याकडून पत्रं आली आहेत. ती ड्रॉवरमध्ये आहेत, न फोडलेली. तीन, खरेदी. दिवसभर काही नसतं. रात्री काम संपवून फोन हातात घेतला की काहीतरी मागवलं जातं. एकेक वस्तू किरकोळ असते, पण महिन्याची बेरीज कार्डाच्या हप्त्याएवढी होते.

भाऊ म्हणतो आधी कार्डं संपव. मैत्रीण म्हणते आधी थोडी शिल्लक कर. दोघांचंही ऐकताना पटतं. मला क्रम हवा आहे आणि त्यामागचं कारण. 'खर्च कमी करा' हे मलाही कळतं. तो कमी कसा होतो, हे ज्यांनी केलंय त्यांनी लिहावं.

टाचणी

आधी पाकिटं फोडा. बाकी सगळं त्यानंतर.

हिशेबवही

टाचणी यांना अनुमोदन. माझं कामच कर विवरणपत्रांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, विवरणपत्र भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे नाहीत म्हणून लोक विवरणपत्रही भरत नाहीत आणि नुकसान दुप्पट करून घेतात. बहुतेक देशांत विवरणपत्राच्या उशिराचा दंड वेगळा असतो आणि कर थकल्याचं व्याज वेगळं. हातात एक पैसाही नसला तरी विवरणपत्र भरता येतं, आणि भरलं की त्यातला एक दंड वाढायचा थांबतो. शिवाय तुम्ही आकडे दिले नाहीत तर खातं स्वतः अंदाज बांधून कर ठरवू शकतं. त्या अंदाजात तुमचं उत्पन्न धरलेलं असतं, पण कामासाठी तुम्ही केलेला खर्च कोणी शोधून वजा करत नाही. म्हणजे तुम्ही गप्प राहिलात तर देणं खऱ्यापेक्षा जास्त निघायचीच शक्यता मोठी.

पत्र उघडल्यावर तीनच गोष्टी शोधा. कोणत्या वर्षाबद्दल आहे, काय मागितलंय (पैसे की नुसती माहिती), आणि कोणत्या तारखेपर्यंत. बाकी कायद्याची भाषा पहिल्या वाचनात सोडून द्या. माझ्याकडे घाबरून आणलेल्या पत्रांपैकी कितीतरी साधी विचारणा करणारी असतात: अमुक रक्कम तुमच्या नावावर दिसते, ती विवरणपत्रात नाही, खुलासा करा. खुलासा वेळेत केला की विषय तिथेच संपतो. मुदत उलटली की मात्र तेच पत्र मागणीपत्र होतं.

आणि ती पत्रं तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवं वर. बऱ्याचदा नव्या पत्रात जुन्या सगळ्याचा उल्लेख असतो.

जुनाखोडरबर

हिशेबवही, तुमचं म्हणणं कळलं, पण व्याजाच्या दृष्टीने पाहिलं तर कर थकल्याचं व्याज कार्डाच्या व्याजापेक्षा साधारणपणे कमीच असतं. मग पैसे आधी कार्डाकडे जायला नकोत का? भावाचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

हिशेबवही

पैशांबद्दल बोलत असाल तर तुमचा मुद्दा योग्य आहे. मी आधी कागद म्हणतोय, पैसे नव्हे. विवरणपत्र भरायला वेळ लागतो, रक्कम नाही. ते झालं की खरं देणं किती हे कळतं आणि मग हप्ते मागता येतात; अनेक देशांत कर खातं हप्त्यांची सोय देतं. आकडाच माहीत नसताना कार्डांत सगळा पैसा ओतला आणि नंतर कराची मोठी रक्कम समोर आली, तर ती भरायला पुन्हा कार्डच वापरावं लागेल.

फक्त व्याजाचा दर बघूनही चालत नाही. थकवल्यावर काय जातं ते बघा. घराचं भाडं, घरकर्ज, वीज, ज्या वाहनावर पोट चालतं त्याचा हप्ता, हे आधी. त्यानंतर कर, कारण वसुलीचे जे अधिकार सरकारला असतात ते कार्ड कंपनीला नसतात. मग बिनतारणाची कर्जं, म्हणजे कार्ड वगैरे. फोनवर सगळ्यात जास्त ओरडतो त्याला आधी पैसे जातात, हा अनेकांचा अनुभव आहे, आणि ओरडणारा बहुतेक वेळा यादीत शेवटचा असतो.

जुनाखोडरबर

हे पटलं. ओरडणाऱ्याबद्दलचं तर शंभर टक्के.

गणितवेडा

'किमान रक्कमच भरली जाते' हे वाक्य वाचलं आणि वही काढली. व्याज महिना ३ टक्के आणि किमान भरणा शिल्लक देण्याच्या ५ टक्के असं धरू. तुमच्या कार्डाचे दर वेगळे असतील, पण चित्र असंच येईल.

आज १०० देणं आहे. महिन्याने व्याजासह १०३ होतं, त्यातले ५.१५ भरले, उरले ९७.८५. म्हणजे पाच भरले पण देणं जेमतेम दोनने उतरलं. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी. हे असंच चालू राहिलं, आणि कार्डावर नवी खरेदी एकही केली नाही, तर देणं अर्ध्यावर यायला ३२ महिने लागतात. पाच वर्षांनी एकूण सुमारे १७५ भरून झालेले असतात आणि तरीही २७ बाकी असतात.

आता फक्त एक बदल करा. पहिल्या महिन्यात जे ५.१५ भरले, तेच दर महिन्याला भरत राहा. कंपनी कमी मागेल, तिचं ऐकू नका. ३० हप्त्यांत कर्ज शून्य. एकूण भरणा सुमारे १५२.

दर तोच, सुरुवातीचा हप्ता तोच. खिशातून पहिल्या महिन्यात एक पैसाही जास्त गेला नाही. किमान रक्कम दर महिन्याला घसरते, सगळी गोम तिथे आहे.

अर्धविराम

गणितवेडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, दुसऱ्या वाचनाला व्याज लावू नका. :) ३० हप्ते विरुद्ध पाच वर्षांनीही बाकी... हे बिलावर ठळक छापायला हवं.

एक विचारते. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ ना?

गणितवेडा

नाही, व्याजावर व्याज चढतं. १.०३ बारा वेळा गुणा, वर्षाला ४२.५८ टक्के येतात. 'महिना तीन' ऐकायला बरं वाटतं, म्हणून तेच सांगतात.

तोंडी हिशेबासाठी ७२ चा नियम लक्षात ठेवा. ७२ ला दराने भागा, रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते मिळतं. महिना ३ टक्के म्हणजे २४ महिने. हा नियम लुका पाचोली या इटालियन गणितीच्या १४९४ सालच्या ग्रंथात आहे. पाचशे वर्षांहून जास्त काळ लोक याच हिशेबाशी झगडताहेत.

पानगळ

गणित चोख आहे, पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. काठावरची यांची चार कर्जं आहेत. गणित सांगतं, सगळ्यात जास्त व्याजाचं आधी फेडा. मी म्हणते सगळ्यात लहान आधी फेडा, बाकीच्यांचे किमान हप्ते चालू ठेवून. एक खातं पूर्ण बंद झालं की त्याचा हप्ता मोकळा होतो, तो पुढच्याला जोडायचा.

ही नुसती माझी समजूत नाही. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी २०१२ मध्ये कर्ज तडजोडीच्या कार्यक्रमात असलेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या. कोण शेवटपर्यंत टिकून कर्जमुक्त होतं, याचा अंदाज किती रक्कम फिटली यापेक्षा किती खाती बंद झाली यावरून चांगला बांधता येत होता.

आमच्या घरी हेच केलं. यादीतल्या एका नावावर पट्टी ठेवून लाल रेघ मारली, तेव्हा माझ्या नवऱ्याने त्या वर्षात पहिल्यांदा 'पुढचं कोणतं?' असं आपणहून विचारलं. व्याज थोडं जास्त गेलं असेल, पण तो प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो.

जुनाखोडरबर

पानगळ ताई, इथे मात्र मी गणितवेडा यांच्या बाजूने. दरांत फारसा फरक नसेल तर लहान आधी ठीक. पण एक कर्ज महिना ३ टक्क्यांचं आणि दुसरं १ टक्क्याचं असेल तर लहान म्हणून स्वस्त कर्ज आधी फेडणं म्हणजे महागड्याला पोसणं.

पानगळ

मान्य. मग असं म्हणू: एखादं अगदी छोटं असेल आणि एक-दोन महिन्यांत संपत असेल तर ते आधी उडवा, नंतर व्याजाच्या क्रमाने जा. 'आत्ता घ्या, नंतर भरा' वालं खातं बहुधा तसंच असेल. ते बंद करण्याचा आणखी एक फायदा म्हणजे रात्रीच्या खरेदीचं एक दार बंद होतं.

वाटसरू

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या वाडवडिलांनी सांगूनच ठेवलंय.

टाचणी

वाटसरू, राग मानू नका, पण अडचणीत असलेल्या माणसाला ही म्हण ऐकवू नये असं माझं ठाम मत आहे. ज्याचं अंथरूणच अपुरं आहे त्याने पाय किती आखडायचे? आणि पैशांची ओढाताण चालू असताना माणसाची विचारशक्तीच त्यात अडकून पडते. याचा अभ्यास झालेला आहे. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची कापणीच्या आधी आणि नंतर तीच बौद्धिक चाचणी घेतली. कापणीआधी हातात पैसा नसताना त्याच माणसांचे गुण कमी आले, पैसे आल्यावर वाढले. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माणूस तोच होता, फक्त डोक्यावरचा भार वेगळा.

न फोडलेली पाकिटं हा आळस नाही, बेजबाबदारपणाही नाही. काठावरची, हे तुमच्यासाठी लिहिलंय.

वाटसरू

राग नाही. दुखवायचा हेतू नव्हता, आणि हा अभ्यास ठाऊक नव्हता. वाचतो आहे.

मध्यरात्र

सगळे कर्ज-करावर लिहिताहेत, मी तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो माझाही आहे.

रात्री काम संपतं तेव्हा मन थकलेलं असतं, नाही म्हणायची ताकद दिवसभरात खर्ची पडलेली असते. आणि समोर जे ॲप असतं ते नेमकं त्याच वेळेसाठी घडवलेलं असतं. कार्डाचा क्रमांक साठवलेला, पत्ता साठवलेला, कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ, 'शेवटचे दोन नग'. इच्छा झाल्यापासून खरेदी पूर्ण होईपर्यंत एक बोट आणि काही सेकंद. निग्रहाने हे जिंकता येईल असं मला वाटत नाही. मधलं अंतर वाढवायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

मी काय केलं ते लिहिते. सगळ्या ॲपमधून साठवलेलं कार्ड काढलं. मग ॲपच काढली, खरेदी करायची तर संगणकावर बसून. कार्ड पर्समध्ये न ठेवता घरातल्या सगळ्यात गैरसोयीच्या जागी, माळ्यावरच्या बॅगेत ठेवलं. आता काही हवंसं वाटलं की शिडी लावा, बॅग काढा, सोळा आकडे टाइप करा. रात्री अकराला शिडी लावायचा उत्साह फार थोड्या वस्तूंसाठी टिकतो. आणि जी हवी वाटते ती वहीत लिहायची, तारखेसह. आठवड्याने तीच ओळ वाचून अजूनही हवी असेल तर घ्यायची, अपराधी न वाटता. वहीतल्या बहुतेक ओळी तशाच राहिल्या आहेत.

कार्डाबद्दल एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. काहींना सांगितलं पैसे रोख द्यावे लागतील, काहींना सांगितलं कार्डाने. कार्डवाल्यांची बोली सरासरीने रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट गेली. २००१ मध्ये हे छापून आलं. पैसे हातातून जाताना दिसले नाहीत तर आपण जास्त देतो, सगळेच.

अर्धविराम

शिडी! हे मी आजच करणार. माळा नाही, पण वरचं कपाट आहे.

दुसरीबाजू

मध्यरात्र यांनी छान लिहिलंय. त्यात एक भर घालते, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं.

खरेदीचा आवेग अचानक सुरू झाला असेल, किंवा माणसाच्या मूळ स्वभावाशी विसंगत असेल, तर डॉक्टरांशी बोला. पार्किन्सनसाठी दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल, काही रुग्णांमध्ये अनावर खरेदी किंवा जुगाराची ओढ निर्माण करतात. हा नोंदलेला दुष्परिणाम आहे. हीच औषधं अस्वस्थ पायांच्या विकारावरही (रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात तो) देतात. आमच्या नात्यातल्या एका अतिशय काटकसरी काकांच्या घरी खोकीच्या खोकी येऊ लागली, सगळे त्यांना बोलत राहिले. औषधाचा संबंध ध्यानात आल्यावर डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि खोकी यायची थांबली. औषध स्वतःहून बंद मात्र करू नका, ते धोक्याचं असतं.

द्विध्रुवीय (बायपोलर) विकारात, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल निराशेत जातं त्या आजारात, उन्मादाच्या काळात बेफाम खर्च हे एक लक्षणच आहे. एडीएचडीतही (लक्ष टिकवणं अवघड जातं त्या विकारात) आवेग आवरणं अवघड जातं आणि बिलं, मुदती, कागदपत्रं मागे पडतात. काठावरची, तुम्हाला हे आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण खरेदी आणि न फोडलेली पत्रं हे दोन्ही लहानपणापासूनच्या विसराळूपणाशी आणि धरसोडीशी जोडलेलं वाटत असेल, तर एकदा तपासून घ्यायला हरकत नाही.

मध्यरात्र

दुसरीबाजू, मनापासून आभार. मला एडीएचडीचं निदान मोठेपणी झालं. शिडीची युक्ती त्यानंतरच सुचली, तोवर सगळे मला निग्रहच शिकवत होते.

अर्धविराम

सगळी कर्जं एकत्र करून एकच मोठं, कमी व्याजाचं कर्ज घेतलं तर? मला तसे फोन सारखे येतात.

गणितवेडा

कधी फायद्याचं, कधी नाही. दर बघू नका, एकूण किती भरणार ते बघा. वर्षाला १८ टक्के दराने १०० चं कर्ज दोन वर्षांत फेडलं तर महिना ४.९९ आणि एकूण सुमारे १२०. तेच १२ टक्क्यांनी पण पाच वर्षांसाठी घेतलं तर महिना फक्त २.२२, पण एकूण सुमारे १३३. दर एक तृतीयांशाने उतरला आणि तरी जास्त भरलं, कारण मुदत वाढली. कमी दराचं कर्ज घेऊन जुनाच हप्ता चालू ठेवणार असाल, आणि मुदतीआधी फेडल्याचा दंड नसेल, तर जरूर घ्या.

आणि 'फ्लॅट' दर सांगितला तर सावध. त्यात पूर्ण मुदत मूळ रकमेवर व्याज लावतात, तुम्ही फेडत आलात तरी. तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीच्या हिशेबाने वर्षाला जवळजवळ १८ टक्के.

पानगळ

यात मी एवढंच जोडते: कर्ज एकत्र केल्यावर जुनी कार्डं रिकामी होतात आणि पुन्हा खुणावतात. ती आधी बंद करा किंवा त्यांची मर्यादा लेखी अर्ज देऊन कमी करून घ्या.

जुनाखोडरबर

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात ४८ वं कलम आहे. वादळाने पीक झोपलं किंवा पाण्याअभावी धान्य आलं नाही तर त्या वर्षी कर्जदाराने सावकाराला धान्य द्यायचं नाही, करारपाटी ओली करून बदलायची आणि त्या वर्षाचं व्याजही द्यायचं नाही. चिखलाच्या पाटीवर करार लिहिलेला असे, म्हणून ओली करायची. फेडणं खरोखर अशक्य असतं तेव्हा मुदत मागण्यात कमीपणा नाही, हे तेव्हाही लोकांना समजत होतं.

हिशेबवही

खोडरबर, विषयांतर कसलं, हाच मुद्दा लिहायचा होता. मुदत मागायची तर हप्ता चुकण्याआधी मागा. चुकण्याआधी जो येतो त्याच्याशी बोलायची पद्धत वेगळी असते, चुकल्यावर वेगळी. बोलणं फोनवर झालं तरी लगेच मेल टाका: 'आज आपलं असं ठरलं.' आणि झेपेल त्यापेक्षा मोठा हप्ता कबूल करू नका. भिडेपोटी मोठा आकडा बोलून दुसऱ्याच महिन्यात मोडला की तिसऱ्यांदा कोणी ऐकत नाही.

एक सावधगिरी सगळ्यांसाठी. कर खात्यातून बोलतोय, तासाभरात भरा नाहीतर अटक, गिफ्ट कार्ड घेऊन क्रमांक सांगा, असा फोन आला तर तो भामटा आहे. कोणतंही कर खातं गिफ्ट कार्डावर कर घेत नाही. पत्र खरं की खोटं याची शंका आली तर पत्रातल्या क्रमांकावर फोन करू नका, खात्याचा अधिकृत क्रमांक स्वतः शोधा.

टाचणी

आणि हे एकटीने करू नका. डेटर्स ॲनॉनिमस नावाची स्वमदत संघटना आहे, १९७६ पासूनची. त्यांच्याकडे पद्धत अशी की नव्याने आलेल्या माणसासोबत दोन जुने सदस्य बसतात आणि तिघं मिळून त्याच्या जमाखर्चाचे आकडे बघतात. सल्ला नंतर, आधी नुसतं सोबत बघणं. संघटना जवळ नसली तर भाऊ चालेल, मैत्रीण चालेल. अट एकच, त्या बैठकीत 'हे कशाला घेतलंस' असं विचारायचं नाही.

कर्जापायी जीव नकोसा होण्यापर्यंत माणसं जातात. इथे नुसतं वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात तसं येत असेल तर कृपया आजच्या आज घरातल्या किंवा ओळखीतल्या एका माणसाला सांगा, डॉक्टरांना सांगा. आकड्यांवर नंतर काम करता येतं.

वाटसरू

मैत्रिणीचा 'आधी शिल्लक' हा सल्ला कोणीच घेतला नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. सगळे पैसे कर्जात टाकले आणि फोन बिघडला किंवा दवाखाना निघाला तर पुन्हा कार्डच काढावं लागतं. एक महिन्याचा अगदी गरजेचा खर्च बाजूला ठेवावा, मग जोरात फेडायला लागावं.

गणितवेडा

वाटसरू, पूर्ण सहमत. गणिताने ती रक्कम तोट्यात जाते, कारण बचतीवर मिळणारं व्याज कार्डाच्या व्याजापुढे काहीच नाही. तरी ठेवावी. तिच्यामुळे नवं कर्ज होत नाही. महिनाभराचा खर्च पुरे, सहा महिन्यांचा आत्ता नको.

काठावरची

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. उशिरा आले, कारण पाकिटं फोडत होते. भाऊ शेजारी बसला होता, टाचणींची अट त्याला आधीच वाचून दाखवली होती, त्याने ती पाळली. दोन पत्रं माहिती मागणारी आहेत, एक स्मरणपत्र आहे. सर्वांत जवळची मुदत अजून उलटलेली नाही.

मला कळलेला क्रम असा: विवरणपत्रं भरायची, पैसे असोत-नसोत. फोनमधली कार्डं आणि ॲप काढायची. छोटं खातं बंद करायचं. महिनाभराचा खर्च बाजूला. मग जास्त व्याजाच्या कार्डावर न घसरणारा हप्ता.

एका ठिकाणी अडले आहे. माझं उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं. मग ठरलेला हप्ता पाळायचा कसा? आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच होऊ नये म्हणून करासाठी किती बाजूला काढायचं?

हिशेबवही

कराचं सांगतो. विवरणपत्र भरून झालं की त्या वर्षीचा एकूण कर भागिले त्या वर्षी हातात आलेली एकूण रक्कम. समजा १४ टक्के आलं. तर यापुढे कोणाकडूनही पैसे आले की त्याच दिवशी १५ टक्के वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्डही घ्यायचं नाही. उत्पन्न वाढलं तर टक्केवारीही वाढवा, कारण वरच्या टप्प्यावर दर चढतो. तुमच्याकडे वर्षाच्या मध्येच आगाऊ कर भरायचा नियम असेल तर त्या तारखा आत्ताच दिनदर्शिकेवर लिहा, पैसे त्याच खात्यातून जातील.

अर्धविराम

हप्त्याचं मी सांगते, मीही पगाराविनाच आहे. सगळी कमाई एका खात्यात येऊ दे. मागच्या बारा महिन्यांतला सगळ्यात कमकुवत महिना शोध. कराचा भाग काढल्यावर त्या महिन्यात जे उरलं होतं, तेवढाच 'पगार' दर एक तारखेला घरखर्चाच्या खात्यात पाठव. हप्ता त्या पगारातून जाऊ दे, म्हणजे तो कधी अडकणार नाही. चांगल्या महिन्यात कमाईच्या खात्यात जास्तीचं साठेल. ते तिमाहीला एकदाच बघ, अर्धं पुढच्या वाईट महिन्यासाठी तिथेच ठेव, अर्धं कार्डावर भर.

आणि त्या कमाईच्या खात्याचं ॲपही फोनवर नको. संगणकावरच.

काठावरची

कमकुवत महिना शोधला. त्या रकमेत घरखर्च बसतो, हप्ताही बसतो, फक्त रात्रीची खरेदी बसत नाही. एक तारखेपासून असंच लावते. हिशेबवही, विवरणपत्र भरताना अडले तर याच धाग्यावर विचारेन.

हिशेबवही

जरूर विचारा. दोन्हीपैकी जुन्या वर्षाचं आधी भरा. त्यातली शिल्लक, तोटा किंवा जास्त भरलेला कर पुढच्या वर्षात ओढायचा असेल तर तो आकडा लागतो.